दाजींचा बिल्ला

चिखली
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आक्का,

चिखलीहून पुनावळ्याला गाडीवर पाऊण तास लागतो आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवायलोय. करू काय? फोनवर तू मला ब्लॉक केलंस. दोनदा दारात आलो, तर आतून कडी. तिसऱ्यांदा वॉचमननं खालीच अडवलं. म्हणाला, मॅडमनी तुमचं नाव लिहून दिलंय, वर सोडायचं नाही. सख्ख्या भावाचं नाव गेटवर लिहून दिलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं म्हणा.

मागं दाराच्या फटीतून तू जे विचारलंस, त्याचं उत्तर द्यायला बसलोय. पोलिसांकडून दाजींची बॅग आली, तिच्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी निघाली, आणि ते घरून निघाल्यापासूनचे दिवस मोजून तू पट्टी तपासलीस. एक गोळी जास्त. "सात वर्षांत ह्यांनी रात्रीची गोळी चुकवली नाही, मग त्याच रात्री कशी चुकली?" मी म्हणालो, थकले होते, विसरले असतील. दार लावून घेतलंस.

तर परत सांगतो, पोलिसांना सांगितलं तेच. आठ नोव्हेंबरला संध्याकाळी ट्रेकचे आम्ही आठही जण हिमाचलातल्या त्या दरीतल्या वरच्या कॅम्पला पोचलो. आमचा लीडर नवनाथ, त्यानं मोजून घेतलं. दाजी माझ्याच तंबूत झोपले. रात्री कधीतरी लघवीला वगैरे उठले असतील आणि अंधारात वाट चुकले असतील. सकाळी अंथरूण रिकामं. तीन दिवस आम्ही कॅम्पच्या वर आणि नदीच्या कडेनं शोधलं. मग बर्फ पडला, दरी बंद झाली. जूनमध्ये वाट उघडली की शोधपथक परत जाणार आहे. मी त्यांच्यासोबत जाणार. कंपनीनं रजा दिली तर ठीक, नाही दिली तर गेली उडत.

आई सांगत होती, तुझ्या सासरचे मागं लागलेत, आता विधी उरकून घ्या म्हणून. आणि तू म्हणालीस, माणूस दाखवा, मग कुंकू पुसते. त्यांना राग आला म्हणे. येऊ दे. तुझं बरोबर आहे. एका माणसाच्या सांगण्यावरून कुणी दहावं घालत नसतं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळलंस तेव्हा मी पाकीट पुढं केलं, तर तू ते परत माझ्या खिशात कोंबलंस. ह्या वर्षी ओवाळणी म्हणून एवढंच कर, म्हणालीस, ह्यांना नीट परत आण. तुझ्या मनात नव्हतंच त्यांनी यावं. मी मागं लागलो होतो. गडाबिडावर किती दिवस चढायचं दाजी, एकदा खरा बर्फ बघू. तुझ्याच घरात, तुझ्याच हातच्या करंज्या खात म्हणालो होतो.

मी काही लपवत नाही, आक्का. दार उघड.

ज्ञानेश


चिखली
गुरुवार, ३० जानेवारी

आक्का,

माझंच पाकीट परत आलं. पाठीमागं तुझं अक्षर. "त्या रात्री ते तंबूत होते का? हो की नाही, एवढंच लिही."

आठ दिवस ते पाकीट खिशात घेऊन हिंडायलोय. शिफ्टला जातो, प्रेसवर उभा राहतो, डबा उघडतो आणि तसाच बंद करतो.

नाही. नव्हते.

ते तंबूत नव्हते, आक्का. ते कॅम्पलाच पोचले नव्हते. आता फाडू नको. पुढचं वाच, मग फाड.

तुला आमचा कंपनीतला बिल्ला माहीत आहे. तू दाजींच्या शर्टाच्या खिशातून काढून कितीदा फ्रिजवर ठेवलायस. पण त्याचं काम काय ते कदाचित त्यांनी कधी सांगितलं नसेल. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसमध्ये दुरुस्तीला उतरायचं असलं की प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला बाहेरच्या बोर्डावर लावायचा आणि वर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. बोर्डावर एक जरी बिल्ला असला तरी मशीन चालू होत नाही. बिल्ला म्हणजे माणूस. नवनाथ कंपनीत सेफ्टी खात्यातला, त्यानं हीच पद्धत आमच्या गुरुवारच्या मंडळींना लावली. मुक्कामाला पोचलं की दोरी बांधायची, आलेल्यानं आपला बिल्ला अडकवायचा. सगळे लागले की नवनाथ निवांत. दर गुरुवारी सुट्टी, दर गुरुवारी कुठलातरी गड, चार वर्षं ही दोरी कधी चुकली नाही.

आणि आमची दुसरी सवय तुला माहीत नाही. गेटवर चेहरा बघणारं मशीन बसायच्या आधी आम्ही एकमेकांची कार्डं पंच करायचो. दाजींना उशीर व्हायला लागला की त्यांचं मी मारायचो, माझं ते. ह्यात पाप असतं असं कुणाला वाटत नव्हतं. त्याला आम्ही माया समजायचो.

त्या दिवशी दाजींचं डोकं सकाळपासून दुखत होतं आणि गुडघा धरला होता. आदल्या दिवशीही त्यांच्यासाठीच सगळे दोनदा थांबले होते. चारच्या सुमाराला मेंढपाळांचा एक दगडी आडोसा लागला. बाकीचे पुढं गेलेले. मोठ्या बॅगा खेचरांवरून कधीच वर पोचल्या होत्या, दाजींच्या पाठीला नुसती छोटी सॅक. ऊन डोंगरामागं गेलं आणि एका मिनिटात थंडी अशी उतरली की बोलताना जबडा हलंना. बाटलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायला लागला. दाजी दगडावर बसले. म्हणाले, "ज्ञानेश, तू हो पुढं. मी दम खातो आणि येतो सावकाश."

मी म्हणालो, मी बसतो की.

तर चिडले. "दोघं मागं राहिलो तर नवनाथ सगळ्यांना परत खाली धाडील. कालपासून माझ्यापायी थांबायलेत बिचारे. लाज वाटायली मला." गळ्यातला बिल्ला काढून माझ्या हातात दिला. "हा लाव जाऊन. म्हणजे कुणी माझी वाट बघत गारठणार नाही."

आणि मी घेतला. गडावर मागं राहिलेला माणूस येतोच की, आक्का. अर्ध्या तासानं येतो, शिव्या खातो, चहा पितो. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर उघड्यावर झोपलेली माणसं आपण, थंडी काय आपल्याला नवी? हे असलं डोक्यात.

तासाभरानं कॅम्पला पोचलो. दोरीला आधी माझा बिल्ला लावला, मग त्यांचा. नवनाथ चुलीपाशी होता, त्यानं तिथूनच मोजले. आठ. मी दाजींची झोपायची पिशवी माझ्या शेजारी पसरली, म्हणजे आल्याआल्या शिरतील. माझंही डोकं फुटायला आलं होतं. पाच मिनिटं पडतो म्हणून आडवा झालो. दोघंही थकून झोपलेत असं समजून जेवायलाही कुणी उठवलं नाही.

जाग आली ती तोंडावर बारीक बर्फ पडल्यामुळं. तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाचं दव गोठलं होतं, तेच झडत होतं. उजाडायला लागलं होतं. शेजारची पिशवी सपाट.

बाहेर आलो तर नवनाथ विचारत होता, "सुजित कुठं हाय रं? तुझ्या शेजारी झोपला व्हता न्हवं?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो, तीन महिने शोधतोय. मागच्या वर्षी कंपनीत दुसऱ्याचा बिल्ला लावला म्हणून नवनाथनंच एकाला घरी बसवलं होतं, ते आठवलं हे खरं. पण नोकरी गेली असती तर गेली असती, एवढा काही मी भिकेला लागलो नव्हतो. खरं म्हणजे तोंडातून सवयीनं आलं. आहे का सुजित? आहे आहे, आत्ताच इथं होता. गेटवर शंभर वेळा म्हटलंय.

मग पाण्याचं निमित्त करून खाली धावलो. सातला आडोशापाशी पोचलो. तिथं कुणी नव्हतं. मला वाटलं, दाजी शहाणे निघाले, खालच्या गावाला परत गेले. मला बरं वाटलं, आक्का. खरंच बरं वाटलं. दुपारी तिकडून माणूस आला, त्यानं सांगितलं गावात कुणी आलेलं नाही. तोवर नवनाथनं खाली निरोप दिला होता की रात्री तंबूतून माणूस गेला. माझंच वाक्य. पुढं पोलिसांनी तेच उतरवून घेतलं आणि मी खाली सही केली.

आडोशाच्या थोडं पुढं फाटा आहे. उजवीकडं कॅम्पची वाट, डावीकडं एक घळ, ती आत जाऊन बंद होते. संधिप्रकाशात ते डावीकडं वळले असणार. तिकडं कुणी बघितलंच नाही. कशाला बघतील? माणूस वर हरवला होता ना. आणि जूनमध्ये पथक परत वरच जाणार आहे, माझ्या सहीवर विसंबून.

आता काय करू ते तू सांग. शिवी दे, पण काहीतरी लिही.

ज्ञानेश


चिखली
गुरुवार, ६ मार्च

आक्का,

तुझं उत्तर नाही. पाकीटही परत आलं नाही, म्हणजे वाचलंस.

तू सांगायची वाट बघितली नाही. नवनाथला सांगितलं. निगडीला बस स्टँडसमोर त्याला बोलावलं. चारचौघांत असलो तर मारणार नाही, असा हिशेब केला होता. एवढा मी हलकट आहे हे तुलाही कळलेलं बरं. त्यानं मारलं नाही. पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "तीन महिनं झालं, ज्ञान्या. रोज डोळं मिटलं की मी बिल्लं मोजतोय. आठच येत्यात. मला वाटाय लागलं व्हतं, माझंच डोकं गेलं." आणि एवढा दांडगा माणूस, रुमाल तोंडात धरून रडला. सेफ्टीवरून त्याला काढलं होतं माहीत आहे ना तुला? लीडर असून माणूस सांभाळता आला नाही म्हणून. घरीदारी ऐकून घेत होता. त्यानं एकदाही म्हटलं नाही की ज्ञानेशच्या शेजारचा माणूस होता, ज्ञानेशला विचारा.

त्याच्यासमोरच तिकडच्या पोलीस चौकीला फोन लावला. साहेबांना हिंदीत सांगताना माझी बोबडी वळायली, शेवटी नवनाथनंच फोन घेतला आणि सांगितलं. नवा जबाब इथल्या चौकीत लिहून दिला, तो तिकडं गेला. खोटा जबाब दिल्याचं काय ते पुढं बघतील. मी विचारलं, साहेब, आत्ता नाही का जाता येणार? ते म्हणाले, घळीत पंचवीस-तीस फूट बर्फ आहे. जूनच्या आधी देवालाही जाता येणार नाही.

आईला सांगितलं. तिनं ताट वाढून ठेवलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. तेव्हापासून रोज तसंच. ताट वाढलेलं असतं, आई समोर नसते. कंपनीत मी स्वतःच लिहून दिलं. चौकशी चालू आहे, घरी बसवलंय.

दिवस कसे काढू, आक्का? सकाळी उठलो की आधी तिकडचं हवामान बघतो. मोबाईलवर त्या गावाचं नाव टाकतो आणि किती पडलंय ते बघतो. दाजींच्या अंगावर आज किती, असं वाटतं. कधीकधी वेड्यासारखं असंही वाटतं की ते कुठल्यातरी मेंढपाळाच्या घरी आहेत, बर्फामुळं अडकलेत, वाट उघडली की गुडघा चोळत येतील आणि माझ्या मुस्काटात देतील. तुलाही असं वाटत असेल. आई म्हणते तू त्यांचे युनिफॉर्म अजून इस्त्रीला देतेस. तुझी ही आशा मी तोडावी की ठेवावी, हे मला कळत नाही. मला कसलाच अधिकार उरला नाही.

एक ओळ लिही. मरून जा, एवढी लिहिलीस तरी चालेल.

ज्ञानेश


हिमाचल, दरीखालचं गाव
गुरुवार, १२ जून

आक्का,

दाजी सापडले.

नवनाथ तुला फोनवर एवढंच बोलला, कारण मीच त्याला सांगितलं की बाकीचं मी लिहीन. तू फोन ठेवला नाहीस, नुसती ऐकत राहिलीस, असं तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी सापडले. घळीतच, आडोशापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका कपारीत. बसलेले होते. पाय पोटाशी घेतलेले, कानटोपी नीट बांधलेली. बर्फानं त्यांना सांभाळलं, चेहरा दाजींचाच आहे. तुला ओळखायला त्रास होणार नाही. पथकातला म्हातारा वाटाड्या टेकसिंग, त्यानं आधी हात जोडले, मग त्यांच्या अंगावरची माती आपल्या मफलरनं पुसली. नवनाथ आणि मी काही करू शकलो नाही, उभे राहिलो.

तालुक्याच्या दवाखान्यातलं सगळं काम काल झालं. कागद मिळाले. उद्या गाडी निघेल, दिल्लीहून विमान आहे, शनिवारी पहाटे घरी आणतो. मी तुझ्यासमोर येणार नाही. नवनाथ वर येईल, मी खाली गाडीपाशी थांबेन. खांदा देऊ का नको ते तू कुणाच्या तोंडून तरी कळव.

हे पत्र मी नवनाथजवळ देतोय. सगळं झाल्यावर, लोक गेल्यावर वाच, असं त्याला सांगायला सांगितलंय. कारण आता जे लिहितोय ते तुला दुसरं कुणी सांगणार नाही. कुणाला माहीतच नाही.

दाजींचा फोन सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. चौकीतल्या साहेबांनी चार्जिंगला लावला, तर चालू झाला. ओळख पटवायला म्हणून माझ्याकडं दिला, कारण त्याचा पॅटर्न मला माहीत होता. दहा मिनिटं मी त्या खोलीत एकटा होतो. दाजींनी फोन लावले होते, आक्का. दरीत रेंज नाही, एकही लागला नाही, पण नोंद राहिली. एकोणीस वेळा माझं नाव. त्यांना वाट चुकल्याचं कळलं होतं, आणि ते कुठं आहेत हे माहीत असणारा जगात एकच माणूस होता. पहिला फोन आठ तारखेला संध्याकाळी सहा वीसचा. त्या वेळी मी झोपलो होतो. शेवटचा तुझ्या नावावर. तो नऊ तारखेला सकाळी नऊ चाळीसचा.

तारीख परत वाच. नऊ तारीख, सकाळ. रात्र त्यांनी काढली होती.

मला ती नोंद पुसता आली असती. बोट तिथवर नेलंही. पुसली नाही. फोन तुझ्याकडं येईल, बघ.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं की नऊ तारखेला सातला आडोशापाशी पोचलो आणि तिथं कुणी नव्हतं. ते खोटं नाही. पण तिथं उभं राहून मी हाक मारली नाही, हे लिहिलं नव्हतं. मारणार होतो. तोंडापर्यंत आली होती. पण आमच्यातला धम्मरत्न माझ्यासोबत पाण्याला आला होता, तो वरच्या वळणावर बाटल्या भरत होता. त्यानं ऐकलं असतं. तंबूतून गेलेल्या माणसाला इतक्या खाली कशाला हाका मारायलास, असं त्यानं विचारलं असतं. म्हणून नाही मारली. इकडंतिकडं बघितलं आणि परत वर गेलो.

सात महिने मी स्वतःची समजूत घालत आलो. नदीचा आवाज होता, वारा होता, ते असतीलच कुठं तर लांब असतील, हाक मारली असती तरी पोचली नसती.

मंगळवारी दाजींपाशी मी बसलो होतो. नवनाथ फोनला रेंज बघायला गेला होता. टेकसिंग खाली आडोशापाशी स्ट्रेचरची तयारी करत होता, तिथंच त्यानं चहाही ठेवला होता. चहा झाला म्हणून त्यानं मला हाक मारली. सत्तरीचा माणूस, जोर लावून ओरडलाही नाही. नदी तशीच वाहत होती, वाराही होता.

मला स्पष्ट ऐकू आली, आक्का.

ज्ञानेश